रोहयोने लोक आळशी झाले हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तोच मेसेज फिरतोय, रोजगार हमी योजनेने, म्हणजे रोहयोने, लोक आळशी झाले, शेतीला मजूर मिळेना, पैसा मातीत गेला आणि एवढं करून मेळघाटात कुपोषण आहे ते आहेच.

आळशी कसे काय? मातीकामाला माप घेऊन मजुरी निघते, खोदाल तेवढं मिळेल. भर उन्हात मुरूम खोदायचा आणि 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये, ज्याला दुसरीकडे बरं काम मिळतं तो इथे येतच नाही.

शेतीचं म्हणाल तर कामाची मागणी वाढते ती उन्हाळ्यात, तेव्हा कोरडवाहू रानात काम असतं कुठे? मजुरी थोडी वाढली असेल, बायकांची तर वाढायलाच हवी होती.

पैसा मातीत गेला म्हणता, मग पाझर तलाव, नालाबांध, सिंचन विहिरी कुठून आल्या? 1990 पासून फळबाग लागवड रोहयोला जोडली, कोकणातल्या कितीतरी आंबा-काजूच्या बागा त्यातूनच उभ्या राहिल्या. बोगस मस्टर म्हणजे खोटे हजेरीपट, जेसीबी लावून मजुरांच्या नावाने बिलं, हे होतं आणि संताप येतो, पण त्यासाठी चोर पकडा ना, मजुराचं काम का बंद करता?

आता कुपोषण. 1972 च्या दुष्काळात पिकं गेली, 1973 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, खडी फोडून, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुखडी (कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ) खाऊन लोक जगले. मागेल त्याला काम ही रोहयोचे जनक वि. स. पागे यांची कल्पना तेव्हा राज्यभर गेली आणि 1977 ला राज्याचा कायदा झाला. पोट भरायला हातात मजुरी लागते हे तेव्हाच कळलं होतं. पण पोराचं कुपोषण नुसत्या मजुरीने जात नाही, कमी वयातली लग्नं, खराब पाणी, लांबचा दवाखाना हे सगळं त्यात येतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही राज्यातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने बुटकी निघाली. रोहयो करू शकते ते एवढंच की गावातच काम मिळालं तर घर ऊसतोडीला, वीटभट्टीवर जात नाही आणि पोराची अंगणवाडी तुटत नाही.

तेही पैसे वेळेवर आले तर! 2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात (मनरेगा) मजुरी 15 दिवसांत द्यायची होती, उशीर झाला तर रोज 0.05 टक्के भरपाई, म्हणजे 312 रुपयांवर दिवसाला जेमतेम 15-16 पैसे, तोवर दुकानदाराची उधारी वाढते आणि ताटातली डाळ आधी जाते. साइटवर सहा वर्षांखालची पाच पोरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची हेही त्यात होतं, बऱ्याच ठिकाणी ते कागदावरच राहिलं, मग तान्ह्या पोराला पाजायचं कधी? मेसेज करायचाच असेल तर याच्यावर करा.