सोनदोक राणीने कोरिया एक केला? तारखा काय म्हणतात

"सिल्लाच्या सोनदोक राणीने चीनच्या सम्राटाला खिशात घातलं, त्याची फौज आणली आणि कोरियातली तिन्ही राज्यं एक केली." कोरियन मालिकांच्या चाहत्यांत हा मजकूर सारखा फिरतो. एकेक दावा तपासू.

एकीकरणाचा दावा तर सालांवरच मोडतो. सोनदोकची कारकीर्द 632 ते 647. उरलेल्या दोन राज्यांपैकी बेकजे पडलं 660 मध्ये, गोगुर्यो 668 मध्ये, आणि मदतीला आलेल्या तांग (तेव्हाचं चिनी राजघराणं) फौजेला कोरियातून हटवायला 676 उजाडलं.

सम्राट खिशात होता म्हणावं, तर 643 चा प्रसंग उलटंच सांगतो. आदल्या वर्षी बेकजेने सिल्लाचे पश्चिमेकडचे चाळीसेक किल्ले आणि मोक्याचा देया किल्ला घेतला. त्यात किम छुनछू या सरदाराची मुलगी आणि जावई जिवानिशी गेले. छुनछू मदत मागायला गोगुर्योत गेला. तिथे सिल्लाने जिंकलेला उत्तरेचा मुलूख परत मागून त्यालाच अडकवून ठेवलं. एवढी दारं बंद झाल्यावर सिल्लाचा दूत तांग दरबारात पोचला. सम्राट ताइझोंगने तीन पर्याय ठेवले: सीमेवरच्या टोळ्या गोगुर्योच्या ताब्यातल्या लियाओदोंगात घुसवून वर्षभर उसंत देतो, तांगचे लाल झगे आणि निशाणं देतो, शत्रू बिचकेल, किंवा, तुमच्यावर बाईचं राज्य म्हणून शेजारी तुम्हाला जुमानत नाहीत, तेव्हा माझा नातलग राजा म्हणून न्या. दूत नुसतं "हो" म्हणाला.

644 मध्ये तांगने गोगुर्योला सिल्लावरचे हल्ले थांबवायला सांगितलं, पण तिथला सत्ताधीश योन गेसोमुन बधला नाही. 645 मध्ये ताइझोंग स्वतः गोगुर्योवर चालून गेला, तेव्हा फौज सिल्लानेच धाडली, तीस हजारांची. ती तिकडे गुंतल्याचं पाहून बेकजेने सिल्लाचे आणखी सात किल्ले मारले. ताइझोंगची मोहीम आन्सी किल्ल्यापाशी अडली आणि परतली. हाती काय आलं? 647 मध्ये सिल्लाच्याच बिदाम या सरदाराने "बाईला राज्य चालवता येत नाही" म्हणत बंड केलं; ते शमण्याआधीच राणी वारली.

मग पिओनी फुलांचं चित्र? सम्राटाने फुलपाखरांविना चित्र पाठवून तिला नवरा नसल्याचा टोमणा मारला, हा किस्सा तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या कोरियन ग्रंथातला. त्याहून जुन्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात चित्र येतं ते तिच्या वडिलांच्या कारकिर्दीत, आणि टोमण्याचा मागमूसही नाही. 'युसा' तर चित्रातले तीन रंग म्हणजे सिल्लाच्या तीन राण्या असंही सुचवतो. तिसरी, जिनसोंग, गादीवर आली 887 मध्ये!

लष्करी मदतीचा शब्द मिळाला 648 मध्ये, सोनदोकनंतर गादीवर आलेल्या जिनदोक राणीच्या कारकिर्दीत, त्याच छुनछूला. त्याची किंमत होती: 649 मध्ये सिल्लाच्या दरबारात तांगचा पोशाख आला, 650 मध्ये जिनदोकने सम्राट गाओझोंगची स्तुती रेशमात विणून पाठवली आणि सिल्लाची स्वतंत्र कालगणना सोडून तांगची घेतली. सोनदोकने सिल्लाची स्वतःची कालगणना कधी सोडली नव्हती.