बसवाल्याला ॲडव्हान्स, कारागिराला नारळ

गणपती गेले, मांडवाचे वासे उतरले आणि बापूंनी हिशोबाची वही मिटली की आमच्या कट्ट्यावर दरवर्षी एकच विषय निघतो. मंडळाची सहल कुठं न्यायची? सांगलीत खणभागाच्या या कोपऱ्यावर मावशींची चहाची गाडी आहे आणि शेजारी एका कायम बंद दुकानाच्या पायऱ्या. मंडळाची खरी कार्यकारिणी इथं बसते. कागदावरची वेगळी. ती धर्मादाय आयुक्तांसाठी.

बापू आमचे खजिनदार. त्यांचं ठरलेलं असतं.

"लग्झरी सांगतो. पहाटे चारला निघायचं. जोतिबा, अंबाबाई, तिथनं गणपतीपुळं. मुक्काम. दुसऱ्या दिवशी समुद्र करायचा आणि रात्री गल्लीत. लहान पोरांना निम्मे पैसे. बसवाला ॲडव्हान्स मागतोय, उद्या देऊन टाकतो."

"मर्दा बापू, पुळ्याचा समुद्र आता आपल्याला नावानं ओळखायला लागलाय," पिंट्या म्हणाला. "कासला जाऊ की. फुलं हायत अजून."

कासवर मास्तरांनी लगेच काट मारली. कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आता ऑनलाइन बुकिंग करून जायचं, आणि आपली पन्नास माणसं एका वेळी एका जागी पोचल्याचं मंडळाच्या इतिहासात कधी घडलेलं नाही. निम्मी पाचवडच्या हॉटेलातच उतरतील आणि बाकीची फुलांत बसून फोटो काढतील. पिंट्यानं वाद घातला नाही, कारण मागच्या खेपेला मिसळीसाठी बस थांबवायला लावणारा तोच होता.

मास्तर नाटकवाले. शाळेत असताना त्यांनी पोरांची नाटकं बसवली, आता निवृत्त झाल्यावर आम्हाला बसवतात. त्यांचं म्हणणं असं की लांब जायचंच कशाला? पाच नोव्हेंबरला अख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन करतो तो आपल्या गावामुळं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते इथं, चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगलीत. दर पाच नोव्हेंबरला भाव्यांच्या नावाचं पदक इथं दिलं जातं, नटमंडळी मुंबई-पुण्याहून ते घ्यायला येतात. "आणि आपल्या मंडळातल्या किती पोरांनी भावे नाट्यमंदिर आतून बघितलंय?"

"मी बघितलंय," पिंट्या म्हणाला. "शाळेचं गॅदरिंग होतं."

मास्तरांनी तिकडं लक्षच दिलं नाही. एकेक गाव बोटावर मोजत सुटले. नाटककार देवलांचं हरिपूर, जिथं सायकलवरनं जाता येतं, संगमावर बसता येतं. संक्रांतीला औदुंबरचं साहित्य संमेलन, झाडाखाली, नदीच्या काठाला. नागठाणे, बालगंधर्वांचं मूळ गाव. आणि मिरज. मिरजेला तर वडापच्या जीपनं जायचं, बस कशाला लागते? वर्षातनं एक मोठी सहल करण्यापेक्षा महिन्याला एक छोटी करा, असा त्यांचा एकूण प्रस्ताव.

मला तो पटत होता. मंडळाची सहल म्हणजे बसमध्ये अंताक्षरी, देवळात रांग आणि परतीला उलट्या, हे किती वर्षं चालवायचं? पण तेवढ्यात मावशींनी पातेलं खाली ठेवलं.

"मास्तर, तुमचं नाटक रात्री साडेनऊला चालू होतंय आणि साडेबाराला सुटतंय. आमाला कोण सोडतंय? मंडळाची गाडी हाय, देवाला जायचंय, म्हटलं की सासू बी गप आणि नवरा बी गप. जोतिबा हाय म्हणून आमाला समुद्र बघाय मिळतोय. तुमी देव काढला की आमी घरात."

यावर कट्टा थोडा वेळ गार पडला. कारण हे खरं आहे आणि आमच्यापैकी कुणी ते कधी बोललेलं नाही. बापूंच्या यादीत जी देवळं येतात ती भक्तीपोटी कमी आणि परवानगीपोटी जास्त येतात. गल्लीतल्या कितीतरी बायकांनी समुद्रात पाय बुडवला तो मंडळाच्या गाडीमुळंच. पुळ्याला एकदा उतरल्या की देवदर्शन अर्ध्या तासात उरकतात आणि संध्याकाळपर्यंत वाळूतनं हलत नाहीत. पिंट्याची आईसुद्धा. ती लग्झरी कितीही रटाळ असली तरी तिला हात लावायचा नाही, हे माझं तिथंच ठरलं. मास्तरांनीही मान डोलावली, पण "मग दुपारचा प्रयोग बघू" एवढं पुटपुटलेच.

आता वाद मिटायला हवा होता. बस पुळ्याला, वरून एखादी छोटी सहल मिरजेला, असं दोन्ही घालून बापूंनी ते संपवलंही होतं. "मिरजेला गेल्या वर्षीसारखंच करू," ते म्हणाले. "सतारवाल्यांकडं. खर्चच नाही काही."

पेंटर इतका वेळ बिडी विझवून बसले होते. ते म्हणाले, "गेल्या वर्षीसारखं करायचं असेल तर मला सांगू नका."

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आल्यावर काम गेलं, आता गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि देवळांचे दरवाजे करतात. मिरजेतले सतारीचे कारागीर त्यांच्या ओळखीचे, म्हणून गेल्या थंडीत मंडळी तिथं नेली होती त्यांनीच. मीही होतो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. छताला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं आलेले, तंबोऱ्यासाठीच शेतात मुद्दाम लावतात ते. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस गेले तसे ते वाद्यांकडं वळले, आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला, देशभरचे गवई मिरजेचा तंबोरा मागून घेतात. २०२४ ला त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं मास्तरांनी वाटेतच सांगून टाकलं होतं, त्यामुळं पोरं दुकानात शिरायच्या आधीच कंटाळलेली.

कारागिरानं काही सांगितलं नाही. तंबोरा मांडीवर आडवा घेतला, तार सैल करून बाजूला सारली आणि घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवली. एकदा, हलकीच. फुंकर मारली, तार परत जागेवर आणून छेडली. ठण्ण. कोरडं. पुन्हा तार काढली, पुन्हा कानस, आता घोडीच्या मागच्या अंगाला. बराच वेळ हेच. पोरं मोबाइलवर. मग त्यानं सुताचा एक तुकडा घेतला, तारेखाली घोडीवर सरकवला आणि तार छेडत छेडत तो सूत केसभर पुढं, केसभर मागं करत राहिला. आणि एका जागेला ती तार उघडली. तोवर ठण्ण म्हणून विझणारा आवाज लांबत गेला, त्यातनं दुसरेच सूर निघायला लागले, खोलीभर गुंजन. पिंट्यानं मोबाइल खाली घेतला. "परत करा की," म्हणाला. याला जवारी लावणं म्हणतात. सुताची ती जागा मोजपट्टीनं सापडत नाही, कानानं सापडते.

इथवर उत्तम. मग बाहेर थांबलेली मंडळी आत घुसली. पंचवीस-तीस माणसं, जागा दहा जणांची. फोटोसाठी कुणी भिंतीवरची सतार खाली काढली. कुणाच्या तरी पोरानं नुकत्याच जवारी लावलेल्या तंबोऱ्याची तार ओढली, ती तुटली. तो तंबोरा गिऱ्हाइकाचा, दुसऱ्या दिवशी द्यायचा. शेवटी बापूंनी कारागिराला शाल घातली, नारळ दिला, बॅनरसमोर फोटो. त्यानं शाल घडी करून ठेवली. सगळे बाहेर पडल्यावर पेंटरना एवढंच म्हणाला, "आज काम झालं नाही बघा."

"त्याची निम्मी दिवसाची मजुरी आपण खाल्ली," पेंटर म्हणाले. "आणि म्हणतोय खर्चच नाही काही."

बापू चिडले. "सत्कार केला की! पेपरात फोटो आला त्याचा. फुकट जाहिरात झाली."

"त्याची जाहिरात कशाला? त्याच्याकडं गवई येतात, खणभागातली पोरं तंबोरा घेणारायत काय? जाहिरात मंडळाची झाली. फोटोत मंडळाचा बॅनर हाय." पेंटर आता तापले होते. "गणपतीत साउंडवाल्याला ॲडव्हान्स दिला. मांडववाल्याला दिला. लग्झरीवाल्याला उद्या देणार. जेवणवाल्याचं बिल त्याच रात्री. आणि ज्याचं काम बघायला आपण जातोय त्याला शाल. शालीचं त्यानं काय करायचं? त्याच्या कपाटात शालींची चळत लागलीय."

"कलाकार पैशासाठी करत नसतो," बापू म्हणाले. हे वाक्य आमच्याकडं तेच म्हणतात ज्यांना द्यायचे असतात.

त्यांच्याकडं एक चांगला दाखलाही होता, आणि तो मिरजेचाच. ख्वाजा शमना मीरांचा दर्गा. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांची कबर त्याच आवारात आहे. उरुसात तिथं चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, मोठमोठे गवई हजेरी लावायला येतात. सेवा म्हणून गातात, बिदागीचा विषय नाही. "ते गवई पैसे घेत नाहीत, आणि हा कानस चालवणारा घेणार?"

"ते गवई खाँसाहेबांसाठी गातात," पेंटर म्हणाले. "तुमच्यासाठी न्हाई. तुमच्यासाठी गायला बोलवा, मग बघा घेतात का न्हाई."

याच्यापुढं बापूंकडं उत्तर नव्हतं. माझ्या मते कुणाकडंच नाही. सेवा ज्याची त्यानं ठरवायची असते. आपण दुसऱ्याच्या दुकानात जाऊन त्याची सेवा ठरवून टाकतो आणि वर त्याला संस्कृती म्हणतो. सहलीला जाणाऱ्यांपेक्षा नेणारी मंडळंच यात जास्त दोषी, कारण हिशोबाची वही त्यांच्या हातात असते. त्या वहीत वाहतूक, मांडव, ध्वनिक्षेपक, अल्पोपहार, सगळ्याला रकाने आहेत.

आणि नेमक्या याच वेळी मास्तर कामाला आले. "बापू, राजेसाहेब चिंतामणराव १८५१ मध्ये वारले. दरबारचा आधार गेला. भाव्यांनी काय केलं? शाल पांघरून बसले नाहीत. मंडळी घेऊन गाव सोडलं, १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थेटरात तिकीट लावून खेळ केला. आपण ज्याच्या नावानं पदक देतो, त्या माणसानं तिकीट लावलंय."

"मग माझ्या बोर्डाला पण तिकीट लावा," पेंटर म्हणाले. मंडळाच्या कमानीवरचा गणपती त्यांनी रंगवलेला आहे. त्याचे पैसे मिळाले का, हे कुणी विचारलं नाही. बापूंनी चहा मागवला.

बापूंची अडचण नुसती कंजुषीची नाही, हेही सांगायला हवं. मंडळाची शिल्लक म्हणजे त्यांच्या लेखी पुराचा पैसा. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. तेव्हा चादरी, बिस्किटं, पाण्याचे टँकर, सगळं याच वहीतनं निघालं होतं. त्यामुळं प्रत्येक रुपया काढताना त्यांना कृष्णा दिसते. "आणि ऑडिटरला काय दाखवू? सतार ऐकली, असं व्हाउचर करू?"

"मानधन," मास्तर म्हणाले. "व्याख्यानमालेच्या वक्त्याला पाकीट देता ते कशात दाखवता? त्याच रकान्यात. कारागिराची सही घ्या."

व्याख्यात्याला पाकीट देतोच आपण, हे बापूंना पटलं. वक्ता तासभर बोलतो, आणि तेही बऱ्याचदा आधी कुठंतरी बोललेलंच. मग वाद रकमेवर आणि माणसांवर आला, म्हणजे खरा वाद सुरू झाला. पिंट्याचं म्हणणं, एका वेळी आठच जण न्यायचे, ग्रुपवर नाव टाकेल तो. बापू म्हणाले ग्रुपवर चाळीस जण अंगठा टाकतात आणि सकाळी चौघं उगवतात. त्यावर पेंटरनी तोडगा काढला. नाव देताना माणशी थोडे पैसे आधी भरायचे, न आलेल्याचे परत नाहीत, ते कारागिराला जातील. उरलेले मंडळानं घालायचे. आणि दुकानात कशालाही हात लावायचा नाही. लावला आणि तुटलं तर भरून द्यायचं, तिथल्या तिथं.

"आणि गेल्या वर्षीची तार?" पिंट्यानं विचारलं.

"ती पण धरा."

आता फोन कोण करणार? सगळ्यांनी पेंटरकडं बघितलं.

"मी न्हाई," ते म्हणाले. "शाल ज्यानं घातली त्यानं करायचा."

बापूंनी नंबर लिहून घेतला. मग चष्म्यावरनं बघत म्हणाले, "पण भाव काय सांगतील ते? मला यातलं काही कळत नाही."

"लग्झरीवाल्याला कसं विचारता?"

"दोन वाजता ठेवा म्हणावं," मावशी मधेच म्हणाल्या. "दुपारी गाडी बंदच असती माझी. आणि त्या दर्ग्यात बी जायचं, म्हंजे घरात देवाला चाललोय म्हणून सांगता येतंय."