चेकलिस्ट बघणाऱ्याला डोकं नसतं म्हणे!

काल रात्री मामेभावाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'फौजेतून टेक्निकल ट्रेनिंग घेऊन आलेला माणूस कारखान्यात कुचकामी. तिथे सगळेच पास होतात, चेकलिस्टशिवाय यांचं पान हलत नाही, आणि शिकलेलं कामात उतरलं का हे कुणी तपासत नाही.' त्याच ग्रुपवर माझा दादा आहे. चेन्नईजवळ तांबरमला हवाई दलाच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकला, वीस वर्षं हवाई दलात इंजिन फिटर होता, आणि या आठवड्यात त्याची चाकणला मुलाखत आहे.

चेकलिस्टचंच आधी घेते, कारण डोकं त्यानेच फिरलं. दादा घरचा मिक्सर उघडला तरी पेपर पसरतो, स्क्रू निघाले त्या क्रमाने मांडतो, झाकण लावण्याआधी हत्यारं मोजतो. आम्ही हसायचो. विमानाच्या इंजिनात विसरलेला पाना काय करू शकतो हे कळल्यावर हसणं थांबलं. नटाला लॉकिंग वायर घालताना ती अशी ओढायची, की नट सैल व्हायला लागला तर तारच त्याला आवळायच्या बाजूला खेचेल. उलटी घातली तर तार असून नसल्यासारखी. चेकलिस्टवर खूण एका सेकंदात होते, दिशा डोक्यानेच ठरवावी लागते.

'कुणी तपासत नाही' तर धादांत खोटं. अमेरिकेत १९७६ ते १९८० दरम्यान सैन्यभरतीच्या परीक्षेचे गुण चुकीचे मोजले गेले आणि कमी गुणांचे लाखो तरुण आत आले. मग प्रश्न आला, की या गुणांचा कामाशी संबंध किती? पुढे सैनिकांना प्रत्यक्ष काम करायला लावून पायरीपायरीला बरोबर-चूक मांडलं. जे काम महागडं किंवा धोक्याचं, ते जेट इंजिनच्या मेकॅनिकने इंजिनाजवळ उभं राहून कसं करणार ते सांगायचं. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीचा १९९१ चा अहवाल आहे: लेखी गुण आणि हातचं काम यांचा संबंध आहे, पण एकावरून दुसरं ठामपणे सांगता येईल इतका नाही.

म्हणजे नुसत्या मार्कांवरून कामाचा माणूस ओळखता येत नाही, हे मान्य. वरिष्ठांचे शेरेही सढळ असतात, तेही मान्य. आणि चार वर्षांच्या अग्निवीराला वीस वर्षांच्या सार्जंटच्या पंगतीला बसवू नका. पण मग मुलाखतीत हातात पाना द्या ना, दारातूनच परत कशाला पाठवता?

आणि अरे, मागच्या दिवाळीत तुझी स्कूटर कुणी सुरू करून दिली होती?