कार्डाची थकबाकी फिटल्यानंतर उरणारे काम

क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडून मोकळ्या झालेल्या माणसाला बहुतेक जण एकच सल्ला देतात : कार्ड कापून टाका आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नका. या सल्ल्यामागचा कळवळा मी समजू शकतो. महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के दराने ज्याने व्याज भरले आहे, त्याला त्या कार्डाचे तोंडही पाहावेसे वाटत नाही. तरीही हा सल्ला अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे. पैसे फिटले म्हणून आपल्या कर्जफेडीची नोंद, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, आपोआप स्वच्छ होत नाही, आणि पुढे कधी गृहकर्ज किंवा शैक्षणिक कर्ज मागायची वेळ आली, तर बँक सर्वांत आधी ती नोंदच उघडून पाहते.

पहिला धोका तर शेवटचा भरणा केल्यानंतरच्या महिन्यातच असतो. थकबाकी असलेल्या कार्डावर व्याज रोजच्या रोज चढत असते. त्यामुळे स्टेटमेंट निघाल्याच्या दिवसापासून आपण पैसे भरल्याच्या दिवसापर्यंतचे व्याज त्या बिलात नसते, ते पुढच्या बिलात येते. बिलावरची सगळी रक्कम भरली म्हणून माणूस निर्धास्त होतो, पुढची ईमेल उघडत नाही, आणि चारदोनशे रुपयांची किरकोळ रक्कम थकीत राहते. मग तिच्यावर विलंब शुल्क आणि शुल्कावर जीएसटी लागू शकतो. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली तरच खाते थकीत म्हणून कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ज्याने बिल पाहिलेच नाही, त्याला ते तीन दिवस कोठून उपयोगी पडणार? वर्षानुवर्षे कष्टाने फेडलेल्या कर्जाच्या शेवटी असा डाग लागलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटते. म्हणून पूर्ण भरणा केल्यानंतरही किमान दोन स्टेटमेंट शून्याची येईपर्यंत लक्ष ठेवावे आणि मग बँकेकडून थकबाकी नसल्याचे पत्र लेखी मागून घ्यावे. फोनवरचे ‘सर, तुमचं काही बाकी नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून कोठेही दाखवता येत नाही.

यानंतरचा प्रश्न अधिक गंभीर आहे : कर्ज पूर्ण फेडले की तडजोडीने मिटवले? वसुली विभागाकडून फोन येतो, इतकी रक्कम एकरकमी भरा, बाकीची माफ करतो, असे सांगितले जाते, आणि थकलेला माणूस सुटलो म्हणून ती भरतो. त्याच्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असे न लागता ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो, आणि नवे कर्ज देणारा त्याचा सरळ अर्थ घेतो की या माणसाने पूर्ण पैसे दिलेले नाहीत. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, त्याला मी दोष देणार नाही. औषधोपचार किंवा गेलेली नोकरी यांपुढे क्रेडिट स्कोअरची, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणाऱ्या गुणांची, मातब्बरी ती काय. मात्र हा शेरा लागणार आहे हे भरणा करण्याआधी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे, आणि ते फार क्वचित सांगितले जाते. पुढे परिस्थिती सुधारली, तर सोडलेली रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ दाखवण्याची विनंती बँकेला करता येते. पैसे भरण्यापूर्वी बँकेचा होकार लेखी घ्यावा, एवढे मात्र विसरू नये.

क्रेडिट रिपोर्ट एकदा स्वतः बसून वाचावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. नुसता तीन आकडी स्कोअर पाहून काही कळत नाही. सिबिल या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे लहान चौकोन असतात, ३६ महिन्यांपर्यंतचे, आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात किती दिवसांचा उशीर झाला होता तो आकडा असतो : सगळे वेळेवर असेल तर ०००, महिनाभर थकले असेल तर ०३०. त्या चौकोनांची ओळ डोळ्यांखालून घातली की स्कोअर कशामुळे खाली आला, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. भारतात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या ही माहिती ठेवतात, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिची नोंद वेगळी असते.

रिपोर्टमध्ये चूक आढळली, म्हणजे फिटलेले कार्ड अजून थकीत दिसत असले, तर तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत तिचा निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४पासून लागू आहे. ‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र कोणीही लागू नये. खरी नोंद पैसे घेऊन पुसण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला पैसे लागत नाहीत. आधीच पोळलेल्या माणसाला असे लुबाडणे मला अत्यंत निंद्य वाटते.

आता कार्ड ठेवावे की बंद करावे? दोन कार्डे आहेत, एकाची मर्यादा एक लाख आणि दुसऱ्याची पन्नास हजार, आणि महिन्याचा खर्च तीस हजार, असे समजा. एकूण मर्यादेच्या २० टक्केच वापर होतो. मोठे कार्ड रागाच्या भरात बंद केले, तर तोच खर्च ६० टक्क्यांवर जातो आणि खर्चात एका रुपयाचा फरक पडलेला नसतानाही स्कोअर घसरू शकतो. म्हणून ज्याचा हात आवरलेला आहे, त्याने सर्वांत जुने, शक्यतो वार्षिक शुल्क नसलेले कार्ड ठेवावे, त्यावर एखादे ठरावीक बिल लावावे आणि संपूर्ण रकमेचे ऑटो-पे, म्हणजे बँक खात्यातून आपोआप होणारा भरणा, सुरू करावे. संपूर्ण हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ऑटो-पे लावताना किमान रकमेचाही पर्याय समोर येतो आणि अनेकांची घसरण नेमकी तेथूनच सुरू झालेली असते. थोडी थकबाकी मागे ठेवली की स्कोअर वाढतो, हा समज तर साफ खोटा आहे. त्याने फक्त व्याज वाढते.

पण कार्ड हातात असले की खर्च होतोच, हे ज्याला स्वतःविषयी ठाऊक आहे, त्याने स्कोअरचा विचार न करता ते बंद करावे. थकबाकी नसेल, तर बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करायची असते. उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. स्कोअर काही गुणांनी उतरला, तर तो सावरतो. पुन्हा चढलेले कर्ज उतरवायला वर्षे जातात.

स्कोअर वर येऊ लागला, की मर्यादा वाढवण्याचे संदेश आणि पूर्वमंजूर कर्जाचे फोन सुरू होतात. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला कार्डाची मर्यादा वाढवता येत नाही. कर्ज फिटल्यानंतरचे निदान पहिले वर्षभर तरी ही संमती कोणी देऊ नये, असे मला वाटते.