‘सायन्स फिक्शन’: पाहुण्यांची यादी राहू द्या, ड्रम ऐका

अंकल (UNKLE) या ब्रिटिश संगीत-समूहाचा ‘सायन्स फिक्शन’ (Psyence Fiction) हा अल्बम (१९९८, मो वॅक्स ही रेकॉर्ड कंपनी) म्हटलं की लोक त्यात गायलेल्या पाहुण्यांची नावं घ्यायला लागतात. थॉम यॉर्क, रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट, कूल जी रॅप, माइक डी. समूहाचा संस्थापक जेम्स लव्हेलनं माणसं जमवली हे खरंच मोठं काम. पण इतके वेगवेगळे गळे एका अल्बममध्ये नांदतात ते या अल्बमचा संगीत-निर्माता डीजे शॅडोच्या ड्रममुळे, असं माझं ठाम मत आहे.

ट्रिप हॉप (संथ, धूसर इलेक्ट्रॉनिक संगीत) आणि हिप हॉप (ठेक्यावरचं रॅप) एकत्र आणताना नेमकं कुठं अडतं, ते सॅम्पलरवर (जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून पुन्हा वाजवणाऱ्या मशीनवर) बसल्याशिवाय कळत नाही. समजा, जुन्या रेकॉर्डवरचा तुकडा ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) आहे आणि गाणं ८६ला हवंय. टर्नटेबलचा वेग साडेचार टक्के कमी केला की सूरही पाऊण सेमीटोनहून (पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) थोडा जास्त उतरतो. आता तो तुकडा ना या पट्टीत, ना त्या. रॅपरला फारसा फरक पडत नाही, त्याला ठेका हवा. गायक मात्र पहिल्याच ओळीत बेसूर वाटतो आणि दोष गायकाला दिला जातो! म्हणून आधी वेग पक्का करा, मग लूपचा (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा) षड्ज शोधा, गरज पडली तर सॅम्पलरवर २०-२५ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) वरखाली करून जवळच्या पट्टीत बसवा, आणि मगच गायकाला बोलवा. तानपुरा गाण्याआधी लावतात, मैफल सुरू झाल्यावर नाही. सॉफ्टवेअरनं वेग आणि सूर वेगळे करता येतात, पण जास्त ताणलं की स्नेअरची (कडक वाजणाऱ्या ड्रमची) धार बोथट होते.

शॅडोनं १९९६चा स्वतःचा ‘एंडट्रोड्युसिंग’ हा अल्बम अकाई एमपीसी६० या सॅम्पलरवर घडवला. मूळ मशीनची मेमरी जेमतेम १३ सेकंदांची. त्या काळचा उपाय असा: मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांच्या वेगानं वाजवून सॅम्पल घ्यायचं आणि मशीनमध्ये ५.२ सेमीटोन खाली आणायचं. १३ सेकंदांत साडेसतरा सेकंदांचा ऐवज मावतो. उंच स्वरांमधली चकाकी जाते, पण तो धुरकटपणाच या संगीताला शोभतो.

‘सायन्स फिक्शन’मधल्या ‘रॅबिट इन युवर हेडलाइट्स’ या गाण्यात बराच वेळ पियानो आणि यॉर्कचा आवाज पुढे आहे. शेवटाकडे ड्रम उसळतात ते आवाजानं जागा मोकळी केल्यावरच. त्याच अल्बममधल्या ‘द नॉक’मध्ये हा संयम मला दिसत नाही. तिथं सगळे एकाच वेळी बोलतात. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस (खर्जातलं गिटार) दोघंही ६० ते १०० हर्ट्झच्या खालच्या आवाजात भांडत असतील तर आवाज वाढवून काही होत नाही, एकाला तिथून उठवावंच लागतं.

आणि ‘लोनली सोल’! जवळजवळ नऊ मिनिटं. विल मलोननं बांधलेली तंतुवाद्यं आधी अ‍ॅशक्रॉफ्टच्या मागे उभी असतात, शेवटी ड्रम थांबतात आणि गाणं पूर्णपणे त्यांच्या हवाली होतं. हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर तळ ऐकूच येत नाही.