प्रेशर गनने घर धुण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

‘दिवाळीआधी गाडी धुवायची प्रेशर गन आणा, घराची भिंत नव्यासारखी होते’ असा मेसेज गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. काँक्रीटचं आंगण हा मारा सोसतं. आपल्याकडच्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती नाही सोसत. सांध्यातला माल निघतो, पाणी आत मुरतं. कवेलूवर खालून फवारा मारला तर पाणी थेट घरात.

मेसेजमध्ये धोक्याचा शब्दही नाही, याचं जास्त वाईट वाटतं. घरगुती मशीनचा दाबसुद्धा 100 बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण शंभरपट, आसपास असतो. बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी हळद लावून घरी थांबू नका. आत इजा खोल असते, लगेच सर्जन असलेल्या दवाखान्यात न्या. शिडीवर चढून गन चालवू नका, झटक्याने तोल जातो. मीटर, बोर्ड, वायरवर पाणी नको. पोरं, गुरं लांब ठेवा. आंगणासाठी धार 40 अंशांत पसरवणारं नोझल (गनचं तोंड) लावा, तेही दोन फुटांवरून.

भिंतीवरच्या शेवाळाला ब्लीचिंग पावडरचं पाणी अन् ब्रश पुरतो. त्यात ॲसिड मात्र मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.