एडिसनकरांना उत्तर : आधी वस्ती, मग सबर्ब

एडिसनकर,

कॅलिफोर्नियाच्या सबर्बांत (शहराबाहेरच्या घरांच्या वसाहतींत) राहणाऱ्या लॅटिनोंवर, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांवर, मी लेख लिहिला होता. तुमची प्रतिक्रिया त्या मूळ लेखाखाली तशीच ठेवली आहे. उत्तर फारच लांबलं, म्हणून ते इथे वेगळं टाकतेय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संत्र्यांच्या बागेतल्या मजुरांच्या वस्त्या म्हणजे सबर्ब नव्हे. सबर्ब गोऱ्या मध्यमवर्गाने उभं केलं, लॅटिनो तिथे १९९० नंतर आले आणि आले तिथले घरांचे भाव पडले. तुम्ही ८४ साली डिग्री घेऊन, व्हिसाच्या रांगेत उभं राहून न्यू जर्सीत आलात. मग ह्यांच्या 'इतिहासा'चं एवढं कौतुक कशाला? शिवाय सगळा लेख कॅलिफोर्नियाचा, पूर्व किनाऱ्याचा त्यात शब्द नाही.

शेवटचा मुद्दा निमूटपणे मान्य. त्याकडे येतेच.

आधी मजुरांच्या वस्त्या. मी राहते त्या कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या नावातच संत्रं आहे. १९२०-३० च्या काळात इथे व्हॅलेन्सिया संत्री तोडायला मेक्सिकन पुरुष आणि पॅकिंग हाउसमध्ये त्यांच्या बायका-मुली, असा हिशोब होता. ला हाब्रा, प्लासेन्शिया, फुलरटन, अॅनाहाइम, ऑरेंज अशा गावांत, बहुतेक रेल्वेरुळांपलीकडे किंवा बागेच्या कडेला, त्यांच्या वस्त्या असत. त्यांना म्हणत 'कोलोनिया'. सांता आनात तर एका वस्तीचं नाव डेल्ही! आपल्या दिल्लीशी थेट संबंध नाही. मॅकफॅडन नावाचे भाऊ न्यूयॉर्क राज्यातल्या डेल्ही गावचे, त्यांनी गावाचं नाव सोबत आणलं. लोक म्हणतात 'डेल-हाय'. मी पहिल्यांदा 'दिल्ली' म्हटलं तेव्हा समोरच्या आजीबाई हसल्या होत्या. तिथे बीटापासून साखर काढायचा कारखाना होता आणि त्याच्या आसपास मेक्सिकन कुटुंबांची घरं.

हे लोक गरीब होते, गप्प मात्र नव्हते. १९३६ साली अडीच-तीन हजार संत्रे-तोड्यांनी संप केला आणि शेरीफने (काउंटीच्या पोलीसप्रमुखाने) 'दिसेल त्याला गोळी' छापाची भाषा वापरून तो मोडून काढला. दुसरं महायुद्ध संपलं, बागांपेक्षा जमिनीला भाव आला. १९५५ साली अॅनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं, तेही संत्र्यांच्या बागा तोडून. झाडं गेली, त्या जागी एकसारख्या घरांच्या ओळी आल्या. कोलोनिया मात्र होत्या तिथेच होत्या. अॅनाहाइमजवळची कोलोनिया इंडिपेंडेन्सिया आजही आहे. मी काल-परवा आलेली, माझं घर 'सबर्ब'. आणि चार पिढ्या तिथेच राहिलेल्यांची ती 'वस्ती'!

तुमच्या व्याख्येतली खरी मेख इथे आहे. सबर्ब गोऱ्यांनी उभं केलं, बरोबर. पण दुसऱ्या कुणाला तिथे घर घेऊ दिलं असतं तर ना. फुलरटनमध्ये अॅलेक्स आणि एस्थर बर्नाल यांनी गोऱ्यांच्या आळीत घर घेतलं. शेजाऱ्यांनी दावा ठोकला, की खरेदीखतातल्या अटीप्रमाणे मेक्सिकन माणसाला इथे राहता येत नाही. १९४३ साली न्यायाधीशाने बर्नाल यांच्या बाजूने निकाल दिला, आणि तोही राज्यघटनेच्या आधारावर. अशा अटी कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं १९४८ साली, म्हणजे पाच वर्षांनी. बर्नाल यांना हवं होतं ते तुम्हाला-मला हवं होतं तेच. बरं घर, मुलांना अंगण.

शाळेचंही तेच. १९४४ च्या सप्टेंबरात वेस्टमिन्स्टरमध्ये सोलेदाद विदाउरी ही बाई स्वतःची मुलं आणि भावाची मुलं घेऊन जवळच्या शाळेत नाव घालायला गेली. तिची मुलं उजळ, आडनावही मेक्सिकन न वाटणारं. त्यांना प्रवेश मिळाला. भावाच्या, म्हणजे गोन्झालो मेंदेसच्या मुलांना मात्र 'मेक्सिकन शाळेत जा' म्हणून सांगितलं. आत्या सगळ्याच मुलांना घेऊन तडक घरी आली. (मला ही आत्या फार आवडते.) गोन्झालो स्वतः लहानपणी त्याच गोऱ्यांच्या शाळेत शिकला होता. तो ज्या शेतावर राहत होता ते मुनेमित्सु या जपानी कुटुंबाचं. युद्धामुळे सरकारने त्यांना अॅरिझोनातल्या छावणीत डांबलं होतं, म्हणून शेत भाड्याने मिळालं. मेंदेस आणि आणखी चार कुटुंबांनी १९४५ साली चार शाळा-मंडळांवर खटला भरला. १९४६ ला जिंकले, १९४७ ला अपिलातही जिंकले. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा प्रसिद्ध निकाल १९५४ चा. म्हणजे तुम्ही ज्याला सबर्बाचा इतिहास म्हणायला तयार नाही, त्यात एवढं सगळं घडलंय.

आता 'रांगेत उभं राहून आलो' याबद्दल. रांग आपल्यासाठी उघडली कधी? १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. थिंड यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. त्या निकालानंतर सरकार खुद्द पंडितांचंच नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. ते कोर्टात भांडले आणि जिंकले. उलट मेक्सिकन माणूस मेक्सिको-अमेरिका युद्धानंतरच्या १८४८ च्या तहापासून कागदावर 'गोरा' धरला जाई. कागदावर गोरा आणि आळीत मेक्सिकन, हा त्याचा पेच. आपण तर कागदावरही नव्हतो.

आम्ही घर घेतलं तेव्हा कागदांच्या गठ्ठ्यात एका पानावर ठळक अक्षरांत सूचना होती, की या दस्तात वंश, रंग वगैरेंवरून काही निर्बंध असेल तर तो रद्दबातल समजावा. मी न वाचता सही केली. अर्थ कळला दोन वर्षांनी, ह्याच लेखांसाठी वाचताना. मग गठ्ठा पुन्हा काढला आणि त्या पानाकडे बराच वेळ पाहत बसले.

भाव पडले म्हणता, त्यासाठी साउथ गेट बघा. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं गोऱ्या कामगारांचं गाव. जनरल मोटर्सचा कारखाना १९३६ साली आला, १९८२ साली बंद झाला. शेजारचा फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० मध्येच गेला होता. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्यांच्या भागात १९६५ साली झालेल्या दंगलीनंतर गोरी कुटुंबं निघायला लागलीच होती. पगार गेला, गिऱ्हाईक गेलं, दुकानांना कुलपं लागली. मेक्सिकन कुटुंबांनी घरं घेतली ती ह्या पडत्या काळात. बाजूच्या हंटिंग्टन पार्कमधल्या पॅसिफिक बुलेव्हार्डवर आज एकदा फिरून या. पंधराव्या वाढदिवसाचे, 'किन्सेनिएरा'चे घेरदार झगे काचेआड लटकलेले असतात आणि शनिवारी गाडी लावायला जागा नसते. दोष द्यायचाच तर आधी कारखान्यांना द्या. कागदांशिवाय राहणाऱ्यांना कायदेशीर करणाऱ्या १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रं मिळाली, बहुतेक मेक्सिकन. कागद हातात आल्यावर घरासाठी कर्ज मिळणं सोपं होतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. तुम्ही म्हणता ती नव्वदनंतरची लाट खरी आहे, पण तिच्या मुळाशी हेही होतं.

आता तुमचा बरोबर मुद्दा. मी 'लॅटिनो' एकच पोतं समजून लिहिलं, ही चूक. तुमच्याकडचा इतिहास वेगळा आहे. एडिसनहून गाडीने थोड्याच वेळावर पर्थ अँबॉय. तिथले पोर्तोरिकन, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाचे लोक, १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. त्यांना व्हिसा नाही, रांग नाही. त्यांच्या हिशोबाने परके आपण. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरच्या ब्रेंटवुडमध्ये आधी पोर्तोरिकन आले आणि १९८० च्या दशकात, एल साल्वादोरमधल्या यादवीतून पळालेली कुटुंबं. त्याच बेटावर पॅचोगला ८ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मार्सेलो लुसेरो या इक्वेडोरच्या माणसाला पोरांच्या टोळक्याने घेरून भोसकलं. लॅटिनो दिसला की मारायचा, हा त्या पोरांचा खेळ होता.

हे वाचताना मला जर्सी सिटीचे 'डॉटबस्टर्स' आठवले, हिंदुस्थानी लोकांवर हल्ले करणारं टोळकं. कपाळावरच्या टिकलीवरून घेतलेलं नाव. १९८७ साली होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना मारहाण होऊन ते गेले, तेव्हा तुम्हाला न्यू जर्सीत येऊन तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा नाशिकला चौथीत होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी संध्याकाळी बाहेर पडताना घरात काय बोलणं व्हायचं, वहिनी टिकली लावून जायच्या का, हे जमलं तर लिहा. पर्थ अँबॉयवर पुढचा लेख करायचं ठरवलंय, तुमची आठवण त्यात घ्यायला आवडेल. मूळ लेखातलं 'लॅटिनो सगळीकडे असेच आले' हे वाक्य आज काढून टाकलंय.